हात उचलत न्हाई

पंधरा एप्रिलला आमच्या झरीत कुणाचाच आवाज धड नसतो. आदल्या दिवशी भीमजयंतीची मिरवणूक, घोषणा, गाणी, डीजे. अन् दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती घोगरी. ज्याचा आवाज जास्त बसला त्यानं जयंती जास्त जोरात केली, असा आमच्यात मान हाय. मास्तर असो न्हाईतर मजूर, त्या दिवशी सगळे खुणेनंच चहा मागतात. म्हणून सुकेशनी त्या सकाळी माहेरी आली अन् तिच्या घशातून नुसती हवा निघाली, तवा सगळे हसले. कुणी म्हणलं, चुडाव्याच्या मिरवणुकीत पुढं हीच होती वाटतं. कुणी म्हणलं, नवऱ्यानं नाचू दिलं म्हणायचं एकदाचं. तिच्या मायनं, सुलाबाईनं, हळदीचं दूध गरम केलं अन् ज्येष्ठमधाची काडी तिच्या तोंडात कोंबली. सुकेशनीबी हसल्यासारखं करायली होती.

मी तिची आत्या, सत्यशीला. परभणीत माझी खानावळ हाय, कॉलेजची पोरं जेवायला असतात. माझी जबान तिखट हाय असं पोरंच सांगतात, अन् खोटं न्हाई ते. मी नवऱ्याच्या घरी नांदले न्हाई. एक दिवस अंगावरच्या साडीनिशी निघाले ते निघालेच. धाकट्या भावाला, सिद्धोधनला, खानावळीच्या जिवावर शिकवलं. तो मास्तर झाला, झरीत घर बांधलं, अन् सुकेशनी ही त्याची एकुलती एक पोरगी. मला लेकरू न्हाई. मग ती कुणाची, हे काय सांगायला पाहिजे का?

तिचा नवरा बालाजी. घर चुडाव्याला, पूर्णेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पीत न्हाई, तंबाखूला शिवत न्हाई, बायकोवर हात उचलत न्हाई. आमच्याकडं जावई कसा हाय म्हणून इचारलं की एवढंच सांगतात, अन् एवढं सांगून झालं की पुढं कुणी इचारत न्हाई. दिसायलाबी नीटनेटका. बोलणं तर असं गोड की माझी भावजय त्याच्या नुसत्या 'जय भीम आई'वर फुलून जायची.

मला ते पोरगं पहिल्यापासून खुपायचं. सुकेशनी लग्नाआधी विहारात वंदना सांगायची, पावसाळ्यातल्या वर्षावासात बायांना धम्माचा ग्रंथ वाचून दाखवायची. ते त्यानं बंद केलं, बाया चुगल्या करतात म्हणून. तिचा फोन तोच उचलायचा, अन् म्हणायचा, बोला ना आत्या, मी सांगतो तिला. माहेरी आणायचा तोच, न्यायचा तोच, अन् इथं असला की तिच्याजवळून उठायचा न्हाई. मी एकदा म्हणलं, बाबा, जरा दुकानापर्यंत जाऊन ये, मला भाचीसंगं बोलायचंय. तर हसून म्हणला, माझ्यासमोर बोला की, मी का परका हाय? गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय जीव लावतो गं बायकोला. दावं हातात धरून बसलेल्या माणसाला जीव लावतो म्हणत न्हाईत, असं मी म्हणायचे. मग सिद्धोधन म्हणायचा, अक्का, तुला सगळ्याच जावयांचा राग हाय.

अन् त्या दिवशी ती एकटी आली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. घरात पाहुणे, बाहेर मांडव सोडायची गडबड, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मी बघत होते. तिनं भाकरीचा तुकडा दुधात भिजवला, तोंडात घातला अन् गिळताना डोळे गच्च मिटले. उघडले तवा डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात रक्ताचे ठिपके दिसले. घोषणा देऊन डोळ्यात रक्त उतरत न्हाई. मी तिचा हात धरला अन् मागं न्हाणीकडं नेलं. मिरवणुकीत कोणकोण होतं म्हणून इचारलं.

ती म्हणली, मिरवणूक बघितलीच न्हाई.

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, मधी थांबून. पांढरी साडी नेसून ती निघाली होती. तो म्हणला, जायचं न्हाई. ती म्हणली, आजच्या दिवशी तरी अडवू नका. अन् दाराच्या बाहेर पाय टाकला. त्यानं मागून ओढलं, भिंतीला लावलं अन् एका हातानं गळा धरला. तोंडानं काही बोलला न्हाई, शिवी न्हाई, ओरडणं न्हाई, नुसता तिच्या डोळ्यात बघत होता. तिला अंधारी आली. शुद्धीवर आली तवा खाली पडलेली होती, साडी ओली झालेली होती, अन् तो बाजूला बसून रडायला होता. हे साडीचं सांगताना तिनं मान खाली घातली, जसं काही चूक तिचीच होती.

एवढं सांगून ती काय म्हणली असंल?

"पण मारलं न्हाई आत्या. नुसता गळा धरला."

नुसता म्हणे. आमच्या पोरींना आमीच हे शिकवलंय. चापट मारली, लाथ घातली, काठी उचलली, तर ते मारणं. मग चार बाया गोळा होतात, भाऊ धावून जातो. बाकीचं सगळं नुसतं. मला रडू आलं अन् रागबी आला, अन् दोन्ही एकदम आले की मला काही सुचत न्हाई. मी तिला छातीशी धरून उभी राहिले.

घरात थाप मारली की खानावळीत काम हाय, हिला मदतीला नेते. अन् सरळ परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं घसा बघितला, आतून सूज हाय म्हणले, गोळ्या दिल्या, रात्री श्वास लागला तर लगेच आणा म्हणले. तिथली सिस्टर मात्र तिच्याजवळ बसली अन् हळूहळू इचारायली. श्वास अडकला होता का, अंधारी आली का, कपडे ओले झाले का, याच्या आधी कधी धरलं होतं का. शेवटच्या प्रश्नाला सुकेशनीनं मान हलवली. दिवाळीतबी एकदा धरलं होतं. मला तेबी माहीत नव्हतं. सिस्टर उठली अन् मला दाराशी घेऊन गेली.

"मावशी, गळा धरणारा रागात मारत नसतो. हिचा जीव आपल्या मुठीत आहे, हे तो दाखवत असतो. हिला परत पाठवू नका."

पोलिसात नोंद करू का, असं तिनं इचारलं. सुकेशनी नको म्हणली. बाबांची गावात इज्जत हाय, त्यांना आधी कळू दे, म्हणली. सिस्टरनं जबरदस्ती केली न्हाई, पण बायांच्या मदतीचा नंबर दिला अन् कधीबी फोन कर म्हणली.

सिद्धोधनला मी खानावळीत बोलावून घेतलं अन् सगळं सांगितलं. तो ऐकून पांढराफटक पडला. वाईट माणूस न्हाई माझा भाऊ. लेकीवर त्याचा लय जीव. तिला समोर बसवून त्यानं इचारलं, पोरी, खरं सांग, हात उचलला का त्यानं? ती म्हणली, न्हाई बाबा. त्यानं असा श्वास सोडला की मला तिथंच उमगलं, आता हा काही ऐकणार न्हाई. म्हणला, मग रागाच्या भरात धरलं असंल, मी बोलतो त्याला. मी लय बोलले त्याला, मास्तरकीसकट सगळं काढलं. पण त्यानं जो प्रश्न इचारला होता त्याचं उत्तर त्याला मिळालेलं होतं. तरी एवढं झालं की तिला माझ्याकडं राहू दिलं.

असले दिवस माझ्या खानावळीला कधी आले नव्हते. पहिला आठवडा ती नुसती पातळ पेज प्यायची अन् दाराकडं बघत बसायची. मग पीठ मळायला लागली. मग वाढायला. एक दिवस एका पोरानं ताटात भाजी टाकून दिली, तर ही सयपाकघरातून कडाडली की शेतात राबून बघ एकदा, मग टाक. पोरगं दचकलं. मी लाटणं खाली ठेवलं अन् पदरानं डोळे पुसले. तिचा आवाज परत आला होता. रातच्याला ती म्हणली, आत्या, मी इथंच राहू का, पोरांच्या शिकवण्या घेईन. मी म्हणलं, राहू का म्हणून इचारतीस काय, घर तुझंच हाय.

बालाजीचं मात्र चालूच होतं. आधी फोनवर फोन. मग समोरच्या पानटपरीपाशी मोटारसायकल लावून बसायचा. बोलायचा न्हाई, इकडं यायचा न्हाई, नुसता बघायचा. एकदा मी उलथनं घेऊनच बाहेर गेले तर हात जोडून म्हणला, आत्या, मी रस्त्यावर उभा हाय, तुमच्या दारात न्हाई. मग सिद्धोधनकडं जाऊन पायावर डोकं ठेवून रडला. फवारणीच्या औषधाची बाटली हातात धरून व्हिडिओवर दाखवली. तुझ्याबिगर मी न्हाई अन् माझ्याबिगर तू न्हाई, असं सुकेशनीसाठी सिद्धोधनच्या फोनवर लिहून पाठवलं. सिद्धोधननं मला ते वाचून दाखवलं अन् म्हणला, बघ अक्का, किती तुटलाय पोरगा. मी म्हणलं, दुसरं वाक्य परत वाच. त्यानं वाचलं, पण त्याला ते गाण्यातल्यासारखंच वाटलं.

सुकेशनीनं सिस्टरनं दिलेल्या नंबरवर फोन केला होता, माझ्यासमोर. तिकडच्या बाईनं तिला समजावलं की बाई सोडून निघती तवाच सगळ्यात जास्त जपायचं असतं, एकटीनं भेटायचं न्हाई, तो शेवटचं म्हणला तरी न्हाई. तिनं मान डोलावली. मला वाटलं, चला, पोरगी आता शहाणी झाली.

जूनच्या सुरुवातीला सिद्धोधन खुशीत आला. बालाजी फारकतीला तयार झाला होता. कोर्टकचेरी न्हाई, भांडण न्हाई, चुडाव्याला त्याच्या घरी बैठक बसवायची, दोन्हीकडची चार माणसं, कागदावर सह्या करायच्या अन् मोकळं व्हायचं. मी म्हणलं, सह्या इथं येऊन कर म्हणावं. तर म्हणे त्याची माय चांगुणाबाई आजारी असती, तिच्यासमोर व्हावं एवढीच त्याची इच्छा हाय, शेवटची. मी नको म्हणले. सुकेशनी म्हणली, आत्या, एवढी माणसं असताना काय करणार हाय तो? एकदा सही झाली की सुटले. तिच्या तोंडावर मी एवढा हलकेपणा लय दिवसांनी बघितला होता. मी सिद्धोधनकडून शब्द घेतला, की मी संगं येणार अन् पोरगी एक मिनिट नजरेआड होणार न्हाई. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

परभणीहून रेल्वेनं गेलो. चुडाव्याच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी टाकलेली होती. आमच्याकडून सटवाजीकाका, वस्तीतले सगळ्यात मोठे, त्यांचा शब्द कुणी मोडत न्हाई. तिकडून बालाजीचे दोघं चुलते. लाईट गेली होती, पंखा बंद, सगळे रुमालानं वारा घ्यायलेले. बालाजी आल्याबरोबर सिद्धोधनच्या पाया पडला, माझ्याबी पडला. डोळे सुजलेले. चुकलो म्हणला. चांगुणाबाई चहा ठेवायला गेली.

कागद पुढं आला तवा सटवाजीकाका म्हणले, आधी दोघाला एकदा आत बोलू द्या. आमच्यात ही रीतच हाय. फारकतीच्या आधी नवरा-बायकोला एकदा एकट्यानं बसवतात. कधी कधी मोडलेलं तिथंच जुळतं, अन् मग बैठक बसवणाऱ्याचं नाव होतं. मी ताडकन उठले. म्हणलं, न्हाई, जे बोलायचं ते इथं बोला. चुलते एकमेकाकडं बघून हसले. सटवाजीकाकांनी माझ्याकडं न बघताच म्हणलं, "सत्यशीला, तू नांदली न्हाईस. दुसरीला तरी नांदू दे."

मी सिद्धोधनकडं बघितलं. म्हणलं, शब्द दिला होतास. तो सतरंजीकडं बघत म्हणला, अक्का, आपण सगळे इथंच हाव की. मी म्हणलं, मग दार तरी उघडं ठेवा. तर चुलत्यातला एक म्हणला, नवरा-बायकोच्या बोलण्याला दार उघडं ठेवतात का? सुकेशनी उठली. माझ्या खांद्याला हात लावला अन् म्हणली, असू दे आत्या, शेवटचंच हाय. अन् गेली. तो मागून गेला. आतून कडी लागली.

मी बसले न्हाई. दाराला लागून उभी राहिले. चांगुणाबाईनं चहा आणला. फुरके मारल्याचा आवाज तेवढा. आतून काहीच न्हाई. जरा वेळ गेला, तरी न्हाई. सटवाजीकाका बशी खाली ठेवून समाधानानं म्हणले, "बघा, भांडण न्हाई, रडारड न्हाई. शांत बोलायलेत. मिटलं समजा."

सगळे सैल झाले. एकानं पावसाचं काढलं. सिद्धोधननं माझ्याकडं बघितलं अन् हसला, सांगितलं नव्हतं का तुला, अशा तोंडानं. मी कान दाराला लावला. माणसं भांडतात तवा आवाज येतो. रडतात तवा येतो. समेट झाला तर नाक ओढल्याचा तरी येतो. आतून कुजबूजसुद्धा येईना. मी दार वाजवायला सुरुवात केली. सुकेशनी म्हणून हाका मारल्या. सिद्धोधननं उठून माझा दंड धरला, म्हणला, अक्का, दम धर, जुळत आलेलं मोडू नको. मी त्याच्या हाताला हिसडा दिला अन् दारावर अंग घातलं. माझ्याच्यानं निघंना. मी किंचाळले तवा कुठं ते उठले. चुलत्यांनी लाथा घातल्या अन् कडी तुटली.

बालाजी कोपऱ्यात बसलेला होता. सुकेशनी फरशीवर होती. तिचा एक पाय पलंगाकडं होता, त्याला लाथ मारून आवाज करायला गेलेला अन् पोचला न्हाई तसा. नांदेडच्या दवाखान्यात नेली, पण ती तिथंच त्या खोलीत गेली होती. मला ते दार उघडताच कळलं होतं.

पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले. सटवाजीकाकांनी सांगितलं, चुलत्यांनी सांगितलं, चांगुणाबाईनं सांगितलं, सगळ्यांचं एकच. काहीच आवाज आला न्हाई साहेब. कुणीच खोटं बोललं न्हाई. बालाजी तुरुंगात हाय, खटला चालू हाय. चांगुणाबाई अजून म्हणती म्हणे, माझ्या लेकानं तिच्यावर कधी हात उचलला न्हाई.

झरीत सुकेशनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, माणसं पांगली. दुपारचं ऊन अंगणात होतं. सुलाबाई आत पडून होती. सिद्धोधन मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. इतके दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता अन् मीबी त्याला काही बोलले नव्हते. बोलायला गेले असते तर काय काय बोलले असते, मला माहीत न्हाई. त्यानं मान वर केली.

"अक्का, आमी दाराच्या अलीकडंच होतो. ती ओरडली का न्हाई गं? एक हाक तरी मारायची बापाला."

मला वाटलं होतं, हा कधी तरी हे इचारंल, अन् मी त्याला फाडून खाईन. पण तो खरंच इचारायला होता. त्याला खरंच कळालेलं नव्हतं. पोरं शिकवून म्हातारा झालेला माझा भाऊ, लेक गेल्यावरबी त्याला वाटायलं होतं की तिनं हाक मारायला पाहिजे होती. मी त्याच्यासमोर बसले. त्याचा उजवा हात उचलला अन् त्याच्याच गळ्यावर ठेवला. वरून माझा हात ठेवला. म्हणलं, दाब. अजून दाब. आता मार मला हाक.

त्याचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं न्हाई.

मग मीच त्याचा हात सोडवला, अन् आमी दोघं तिथंच बसून रडलो.